सगळ्यात वरची फाइल तीच आहे ना?

थिसिस जमा करायला आठ दिवस उरले होते. सार्वजनिक आरोग्यात एमडी करणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली होती. पहिल्या पाच टेबलांत एकूण स्त्रिया ४१२, सहाव्या टेबलापासून पुढे ३९८. गाइडनं लाल पेनानं दोन्ही आकड्यांना गोल केले होते आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"मॅडम, फाइल तीच आहे हो. रोज तीच उघडते मी," असं म्हणून तिनं एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा फाइल मेनू उघडला. तळाशी 'रीसेंटली यूज्ड डेटा' असा पर्याय असतो, त्यावर बाण नेला. यादी उलगडली: डेटा फायनल. डेटा फायनल न्यू. डेटा. सरांनी दिलेला. आणि पाचव्या क्रमांकावर पुन्हा डेटा फायनल.

एकाच नावाच्या दोन ओळी होत्या. एकीच्या आधी सी ड्राइव्हचा पत्ता, दुसरीच्या आधी ई ड्राइव्हचा, म्हणजे पेनड्राइव्हचा. नावापुरतं बोलायचं तर ती खरंच तीच फाइल रोज उघडत होती.

विश्लेषणाच्या कामात मला सापडणाऱ्या चुकांमध्ये चुकीची टेस्ट लावल्याच्या चुका कमी असतात आणि योग्य टेस्ट भलत्याच फाइलवर लावल्याच्या जास्त. पहिल्या प्रकारची चूक गाइड पकडतात, परीक्षक पकडतात. दुसऱ्या प्रकारची कोणाला दिसत नाही, कारण आकडे शहाण्यासारखे दिसतात, पी व्हॅल्यूही व्यवस्थित येते. या चुकीची सुरुवात बहुतेक वेळा त्या छोट्या यादीतल्या एका क्लिकनं होते. ती यादी काय लक्षात ठेवते आणि काय ठेवत नाही, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं.

एसपीएसएसमध्ये अशा दोन याद्या असतात. 'रीसेंटली यूज्ड डेटा' ही डेटा फाइल्सची, तर 'रीसेंटली यूज्ड फाइल्स' ही सिंटॅक्स, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञा, आणि आउटपुट यांची. पीएसपीपी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर तिथेही याच नावांच्या याद्या आहेत. नव्या आवृत्त्यांत एसपीएसएस सुरू होताच स्वागताची जी खिडकी येते, तिच्यातही अलीकडच्या फाइल्स मांडलेल्या असतात, म्हणजे मेनूपर्यंत जायचेही कष्ट नाहीत. या सगळ्या ठिकाणी फक्त पत्ता साठवलेला असतो: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. त्या पत्त्यावर आज कोण राहतं, काल जे होतं तेच आहे का, मधे कोणी दोन व्हेरिएबल्स उडवली का, यातलं यादीला काहीच ठाऊक नसतं.

म्हणूनच यादीवर क्लिक केल्यावर फाइल सापडत नाही असा निरोप आला, तर घाबरू नका. बहुतेक वेळा फाइल गेलेली नसते, पत्ता बदललेला असतो. पेनड्राइव्ह काल ई होता, आज दुसऱ्या पोर्टमध्ये लावल्यावर एफ झाला. कोणी तरी लॅपटॉपवर वनड्राइव्हचा बॅकअप सुरू केला आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर गुपचूप वनड्राइव्हच्या आत गेलं. किंवा तुम्हीच फोल्डरचं नाव 'थिसिस'वरून 'थिसिस नवा' केलंत. फाइल शोधून एकदा नव्या जागेवरून उघडली की यादीत नवी ओळ येते. जुनी ओळ तशीच राहते, आणि पुढचा घोळ तिथून सुरू होऊ शकतो.

झिप फाइल आणि ईमेल यांचा त्रास याहून वाईट, कारण तिथे निरोपसुद्धा येत नाही. मैत्रिणीनं झिप पाठवली. तुम्ही ती न सोडवताच आतल्या फाइलवर डबल-क्लिक केलंत. विंडोजनं त्या फाइलची एक प्रत टेम्पररी फोल्डरमध्ये काढली आणि ती एसपीएसएसला दिली. तुम्ही दोन तास बसून वयोगट पाडले, बीएमआयचे वर्ग केले, सेव्ह केलं. काम झालं ते टेम्पररी फोल्डरमधल्या प्रतीवर. यादीत तिचाच पत्ता बसला, त्यामुळे चार दिवस ती यादीतून छान उघडतही राहिली. मग कधी तरी डिस्क साफ करणारं एखादं साधन चाललं आणि ती प्रत गेली. झिपमधली मूळ फाइल मात्र जशीच्या तशी, वयोगटांशिवाय. ईमेलची अटॅचमेंट थेट उघडली तरी हेच होऊ शकतं. आलेली फाइल आधी आपल्या फोल्डरमध्ये सेव्ह करायची आणि मगच उघडायची, ही सवय कंटाळवाणी आहे, पण लावून घ्या.

गूगल फॉर्मवरून माहिती गोळा करणाऱ्यांची वेगळीच गंमत. उत्तरं येत राहतात, दर आठवड्याला शीट उतरवून घेतली जाते, आणि ब्राउझर इमानदारीनं नावापुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लावत जातो. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये अशी सात भावंडं एका ओळीत बसलेली मी पाहिली आहेत. त्यातली धाकटी कोण, हे आईलाही सांगता येणार नाही. उतरवल्याबरोबर नाव बदला आणि नावाच्या सुरुवातीला तारीख घाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. '२०२५-०६-१४' अशा क्रमानं लिहिलं की फोल्डरमध्ये फाइल्स आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. नाव रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता लिहिलेलं बरं. मराठीतून नाव द्यायची हौस मलाही आहे, पण विंडोजवर काही सॉफ्टवेअर्सच्या जुन्या आवृत्त्या देवनागरी नावांवर अडखळतात. आर या भाषेनं विंडोजवर यूटीएफ-८ पूर्णपणे स्वीकारलं ते २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून, आणि कॉलेजच्या लॅबमधली आर त्याआधीची असण्याची शक्यता बरीच.

नाव आपण ठेवलेलं नसतं तेव्हा तर आणखी सावध राहावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, याच्यावर आपल्याकडे खूप प्रबंध होतात. हे सर्वेक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होतं. त्याच्या स्त्रियांच्या फाइल्सची नावं पाहा. चौथ्या फेरीची: आय-ए-आय-आर-७-४-एफ-एल. पाचव्या फेरीची: आय-ए-आय-आर-७-ई-एफ-एल. पहिल्या दोन अक्षरांत देश, पुढच्या दोनांत फाइलचा प्रकार, मग आवृत्ती. म्हणजे २०१५-१६ आणि २०१९-२१ यांच्यातलं सगळं अंतर एका अक्षरात, तेही नावाच्या मधोमध. दोन फेऱ्यांची तुलना करणाऱ्याच्या यादीत ही दोन नावं एकाखाली एक बसतात. डोळे थकलेले असले की ४ आणि ई यात फारसा फरक वाटत नाही.

इथे नावापेक्षा आकड्यांवर विश्वास ठेवा. चौथ्या फेरीच्या स्त्रियांच्या फाइलमध्ये ६,९९,६८६ नोंदी आहेत, पाचव्या फेरीच्या फाइलमध्ये ७,२४,११५. फाइल उघडल्यावर शेवटच्या ओळीचा क्रमांक बघितला की कोणती फेरी ते कळतं. नाही तर मुलाखतीचं वर्ष सांगणारं व्ही००७ हे व्हेरिएबल घ्या आणि त्याची फ्रिक्वेन्सी काढा. २०१५ आणि २०१६ दिसलं तर चौथी फेरी, २०१९ ते २०२१ दिसलं तर पाचवी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आपल्या स्वतःच्या डेटासाठीही असा एखादा आकडा ठरवून ठेवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावा: एकूण नोंदी इतक्या, शेवटचा फॉर्म क्रमांक अमुक.

आता त्या मुलीकडे परत येते. कोणतं टेबल कोणत्या फाइलवरून निघालं हे तिला आठवत नव्हतं, आणि आठवायची गरजही नव्हती. एसपीएसएसच्या आउटपुटच्या खिडकीत डावीकडे जी उतरंड दिसते, तिच्यात प्रत्येक विश्लेषणाखाली 'नोट्स' नावाची एक ओळ असते. ती मुळात झाकलेली असते, म्हणून बहुतेकांनी ती कधी उघडलेलीच नसते. तिच्यावर डबल-क्लिक करा. एक टेबल उघडतं आणि त्यात सगळं मांडलेलं असतं: हे आउटपुट कोणत्या दिवशी, किती वाजता निघालं, डेटा फाइलचा पूर्ण पत्ता काय, फिल्टर लावलेला होता का, वेट होतं का, आणि त्या वेळी फाइलमध्ये किती ओळी होत्या. आम्ही एकेक नोट्स उघडत गेलो. पहिली पाच टेबलं सी ड्राइव्हवरच्या फाइलची निघाली, ओळी ४१२. पुढची सगळी ई ड्राइव्हची, ओळी ३९८. फिल्टर कुठेच नव्हता.

मला विचाराल तर एसपीएसएसमधली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची जागा हीच. टेबल कापून वर्डमध्ये चिकटवलं आणि आउटपुट सेव्ह न करता खिडकी बंद केली, की हा पुरावा गेला. म्हणून आउटपुटची फाइलही जपून ठेवा, थिसिस मंजूर होईपर्यंत तरी.

आउटपुट गेलं असेल तर आणखी एक ठिकाण आहे. 'एडिट' मेनूत अगदी खाली 'ऑप्शन्स' आहे, त्यात 'फाइल लोकेशन्स' हा टॅब उघडा. तिथे जर्नल नावाच्या एका फाइलचा पत्ता दिसेल. तुम्ही मेनूमधून जे जे चालवलंत, त्याची आज्ञा एसपीएसएस या जर्नलमध्ये उतरवत असतो. 'अपेंड' निवडलेलं असेल तर नवं जुन्याखाली लिहिलं जातं. नोटपॅडमध्ये ती उघडा आणि 'गेट' हा शब्द इंग्रजीत शोधा. कोणकोणत्या फाइल्स उघडल्या त्या सगळ्या क्रमानं सापडतील. यादीतून केव्हाच खाली पडलेली नावंही तिथे मिळतात.

त्याच टॅबमध्ये अलीकडच्या फाइल्स किती दाखवायच्या याचा आकडा ठरवता येतो. काही जण तो वाढवून ठेवतात. मी उलट सांगेन: तीन-चारवर आणा. यादी लांब असली की जुन्या प्रती तिथे मुक्काम ठोकतात. शेजारीच फाइल उघडताना कोणतं फोल्डर आधी दिसावं हे ठरवायची सोय आहे. तिथे 'शेवटचं वापरलेलं फोल्डर' सोडून आपल्या कामाचं एक फोल्डर नेमून द्या. मग ओपन म्हटलं की थेट त्याच घरात जाता येतं, आणि यादीची गरजच कमी पडते.

खरं तर यादीची गरज जवळजवळ संपवणारा उपाय आहे तो सिंटॅक्सचा. सिंटॅक्स म्हटलं की चेहरे पडतात, पण एक ओळसुद्धा स्वतः लिहायला लागत नाही. फाइल उघडताना 'ओपन'च्या ऐवजी 'पेस्ट' दाबा. सिंटॅक्सच्या खिडकीत 'गेट फाइल' आणि त्यापुढे पूर्ण पत्ता असा मजकूर येतो. पुढे टेबल काढतानाही 'ओके'च्या ऐवजी 'पेस्ट'. संध्याकाळी ही सिंटॅक्स फाइल सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी डेटाच्या यादीकडे वळूच नका. सिंटॅक्स उघडा, पहिल्या ओळीपासून चालवा. कोणती डेटा फाइल उघडायची हे आता तुमची आठवण ठरवत नाही, ती ओळ ठरवते. गाइडनं विचारलं, तर ती ओळ त्यांनाही दाखवता येते.

सिंटॅक्सची दुसरी कमाई अशी की मूळ फाइलला हात लावायची वेळच येत नाही. मूळ फाइल वेगळी ठेवायची. वयोगट पाडणं, वर्ग जोडणं, चुका सुधारणं हे सगळं सिंटॅक्सनं करायचं आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या नावानं सेव्ह करायची. मूळ फाइलवर विंडोजमध्ये राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधून 'रीड ओन्ली'ची खूण करा. एसपीएसएसच्या फाइल मेनूतही 'मार्क फाइल रीड ओन्ली' आहेच.

हे मी शहाणपणानं शिकले असं नाही. एका प्रकल्पात मला फक्त ग्रामीण भागातल्या नोंदी हव्या होत्या. 'सिलेक्ट केसेस'मध्ये न निवडलेल्या नोंदींचं काय करायचं, हे विचारणारा एक भाग असतो. मी गाळून ठेवायच्या ऐवजी काढून टाकायच्या असं निवडलं. टेबलं काढली, आणि निघताना सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. दुसऱ्या दिवशी यादीतली सगळ्यात वरची फाइल उघडली तर शहरी भाग गायब. कागदी फॉर्म कपाटात होते म्हणून निभावलं. शहरी वॉर्डांची एंट्री पुन्हा करायला दोघांना चार दिवस लागले, आणि त्या दोघांना चहा-वडापाव मी माझ्या पैशानं घातला. तेव्हापासून डेटाच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत नावाआधी चांदणी दिसते का, हे पाहिल्याशिवाय माझा हात सेव्हकडे जात नाही. चांदणी म्हणजे शेवटच्या सेव्हनंतर फाइलमध्ये काही तरी बदललंय. तुम्ही फक्त टेबलं काढली असतील आणि तरी चांदणी असेल, तर ती का आली हे आधी शोधा.

बाकी सॉफ्टवेअर्सबद्दल थोडक्यात. स्टाटा या बाबतीत कडक शिस्तीचा आहे. हातातल्या डेटात न साठवलेले बदल असताना आज्ञेनं दुसरी फाइल उघडायला गेलात, तर सरळ नाही म्हणतो. लोक मग प्रत्येक 'यूज'पुढे डोळे झाकून 'क्लिअर' लिहितात आणि ती शिस्त वाया घालवतात. फाइल उघडल्यावर 'डिस्क्राइब' ही आज्ञा द्यायची सवय करा. फाइलचा पत्ता, नोंदींची संख्या आणि ती शेवटची कधी सेव्ह झाली, हे वरच्या चार ओळींत दिसतं. डेटा कोणी बदलला का हे पाहायचं असेल, तर त्याच्याकडे 'डेटासिग्नेचर' आहे. एकदा सही नोंदवून फाइल सेव्ह करा, पुढे तपासा. एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला असला तरी सही जुळत नाही.

आरस्टुडिओत धोका अलीकडच्या फाइल्सच्या यादीचा कमी आणि मागच्या वेळच्या भुतांचा जास्त. बंद करताना वर्कस्पेस सेव्ह करू का असं तो विचारतो, आपण हो म्हणतो, आणि महिन्याभरानंतर 'डेटा' नावाची वस्तू आपली वाट पाहत बसलेली असते. ती कोणत्या फाइलमधून आली याचा पत्ता नसतो. टूल्समधून ग्लोबल ऑप्शन्स उघडा, जनरलमध्ये सुरुवातीला वर्कस्पेस परत आणण्याची टिक काढा, आणि बाहेर पडताना सेव्ह करण्यापुढे 'नेव्हर' निवडा. प्रत्येक अभ्यासाचा एक प्रोजेक्ट करा आणि प्रोजेक्टच उघडत जा.

एक्सेलमध्ये अलीकडच्या फाइल्सच्या यादीत नावाशेजारी टाचणीचं चिन्ह असतं. खऱ्या, चालू फाइलला टाचणी मारा म्हणजे ती वर राहील, आणि न टोचलेल्या नावांवर राइट क्लिक करून ती एका फटक्यात काढून टाका.

विभागातला संगणक सगळ्यांचा असेल तर आणखी एका गोष्टीचं भान ठेवा. यादीत आकडे दिसत नसले तरी नावं दिसतात. एचआयव्हीच्या किंवा मानसिक आरोग्याच्या अभ्यासाची फाइल गावाच्या किंवा दवाखान्याच्या नावानं सेव्ह केलेली असली, की पुढच्या माणसाला फाइल मेनू उघडताच ते कळतं. नैतिकता समितीला आपण गोपनीयतेचं लेखी वचन दिलेलं असतं. सॉफ्टवेअरमधली यादी पुसली तरी विंडोजची स्वतःची वेगळी यादी असतेच. रन खिडकीत इंग्रजीत 'शेल कोलन रीसेंट' टाइप करून बघा, काय काय निघतं ते. शक्य असेल तर संगणकावर स्वतःचं वेगळं खातं मागून घ्या. ते मिळत नसेल तर फाइलचं नाव असं ठेवा, की त्यावरून कोणालाच काही कळू नये. आणि हो, यादीतून नाव काढलं म्हणजे फाइल नष्ट झाली, अशा समजुतीत राहू नका. ती जिथे होती तिथेच असते.

त्या मुलीच्या ४१२ आणि ३९८ मधल्या १४ स्त्रिया कुठे गेल्या तेही सांगते. एका उपकेंद्रावरचे १४ फॉर्म पावसामुळे उशिरा हाती आले होते. त्यांची एंट्री तिनं हॉस्टेलवर लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये केली. पेनड्राइव्हवरची फाइल विभागातल्या संगणकासाठी होती, तिच्यापर्यंत ते फॉर्म कधी पोचलेच नाहीत. पेनड्राइव्हवरच्या फाइलचं नाव आम्ही तिथल्या तिथे बदललं, सिंटॅक्स तयार केली आणि सगळी टेबलं पुन्हा काढली. दीड तास लागला. दोन ठिकाणी टक्केवारी बदलली, एका ठिकाणी निष्कर्षसुद्धा.